फँटसी फुटबॉल २०२५: क्वार्टरबॅकची रँकिंग लावलीये, जरा बघून सांगा ना

नवीन_भिडू

मंडळी, फँटसीचं माझं हे दुसरंच वर्ष (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचे खरे खेळाडू वाटून घ्यायचे, मैदानावर ते जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला). ऑफिसची लीग आहे, १२ टीम, माणशी ५० डॉलर भरलेत आणि ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायचे ते, परवा रविवारी संध्याकाळी, म्हणजे हातात जेमतेम दोन दिवस. मागच्या वर्षी बारात अकरावा आलो. का विचारू नका, तरी सांगतोच, पाचव्या राउंडला मी अँथनी रिचर्डसन हा क्वार्टरबॅक उचलला होता कारण सगळीकडे तेच ऐकत होतो की हा पोरगा यंदा आग लावणार. आग लागली, पण माझ्या टीमला.

तर यंदा कुणाचं ऐकायचं नाही, स्वतः रँकिंग लावायची असं ठरवलं. २०२४ च्या सीझनचे पासिंग यार्ड (फेकीवर मिळालेलं अंतर) आणि पासिंग टचडाऊन (फेकीवर बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचला की) घेऊन बसलो आणि ही यादी निघाली: सगळ्यात वर जो बरो, मग लमार जॅक्सन, मग बेकर मेफिल्ड, जॅरेड गॉफ, पॅट्रिक महोम्स (आकडे कमी आहेत पण महोम्स आहे यार), जॉश ॲलन, सॅम डार्नोल्ड, बो निक्स, जेडन डॅनियल्स, आणि दहावा जेलन हर्ट्स. माझा ड्राफ्टमधला नंबर ९ वा आहे. क्वार्टरबॅक कितव्या राउंडला घेऊ तेही सांगा. आणि हो, हसायचं असेल तर हसा पण कारण देऊन हसा.

चौथा_डाऊन

भाऊ, स्कोअरिंग सांगितलंच नाहीस. पासिंग टचडाऊनला चार पॉइंट की सहा? इंटरसेप्शनला, म्हणजे फेक समोरच्याने पकडली तर, वजा किती? एकच क्यूबी (क्वार्टरबॅक) खेळवायचा की सुपरफ्लेक्स आहे, म्हणजे दुसराही चालतो? हे माहीत नसताना रँकिंग लावणं म्हणजे माप न घेता शर्ट शिवणं.

पण यादी बघून एवढं तरी कळलं की रशिंग, म्हणजे बॉल घेऊन पळणं, हा कॉलम तू उघडलाच नाहीस. हर्ट्स दहावा??

नवीन_भिडू

एकच क्यूबी. बाकी स्टँडर्डच असणार ना, पासिंग टचडाऊन ४, इंटरसेप्शन वजा २. हाफ पीपीआर (कॅचला अर्धा पॉइंट) आहे एवढं नक्की माहितीये. रशिंग मी मुद्दाम धरलं नाही, क्वार्टरबॅकचं काम बॉल फेकायचं, पळणं हा बोनस झाला.

चौथा_डाऊन

बोनस नाही रे बाबा, तोच तर खरा माल आहे. बघ, चार पॉइंटवाल्या स्कोअरिंगमध्ये २५ पासिंग यार्डला १ पॉइंट आणि पळून मात्र १० यार्डलाच १ पॉइंट. टचडाऊन फेकला तर ४, स्वतः घेऊन घुसला तर ६. म्हणजे पळालेला एक यार्ड फेकलेल्या अडीच यार्डांच्या बरोबरीचा झाला. क्रिकेट बघणाऱ्याला सांगायचं तर हा ऑलराउंडर आहे, नुसता बॅट्समन नाही.

आता तुझेच दोन गडी घेऊ. गॉफ २०२४ ला ४,६२९ यार्ड, ३७ टचडाऊन, १२ इंटरसेप्शन. हर्ट्स २,९०३ यार्ड, १८ टचडाऊन, ५ इंटरसेप्शन. फेकण्यात बघितलं तर हर्ट्स जवळपासही नाही, अर्ध्याहून कमी टचडाऊन. पण हर्ट्सने पळून ६३० यार्ड आणि १४ टचडाऊन केले आणि गॉफने पळून जे काय केलं ते सोडून देण्यासारखंच. हिशेब कर, फंबल (हातातून बॉल सुटणं) सोडून. हर्ट्स: ११६ + ७२ - १० + ६३ + ८४ म्हणजे ३२५. गॉफ: १८५ + १४८ - २४, पळण्याचे किरकोळ पाचसहा घाल, ३१५ च्या आसपास. आणि हे गॉफने १७ मॅचमध्ये केलं, हर्ट्सने १५ मध्ये, त्यातही पंधराव्या मॅचला वॉशिंग्टनविरुद्ध डोक्याला मार लागून तो पहिल्याच क्वार्टरमध्ये बाहेर गेला. म्हणजे धरायच्या चौदाच.

तू एकाला चौथा ठेवलास आणि एकाला दहावा. आता परत लाव यादी.

लाल_जर्सी

महोम्सला पाचवा ठेवणाऱ्या भावाला सलाम. आकडे काय, माणूस बघा. २०१८ ला पहिल्याच पूर्ण सीझनला ५,०९७ यार्ड, ५० टचडाऊन. २०२२ ला ५,२५० यार्ड आणि ४१. असा माणूस दहाव्याच्या खाली ठेवायला हात धजावतात तरी कसे लोकांचे.

चौथा_डाऊन

हात धजावतात कारण फँटसीत ट्रॉफीला पॉइंट नाहीत. २०२३ ला ४,१८३ आणि २७ टचडाऊन, २०२४ ला ३,९२८ आणि २६. गेल्या वर्षीचे एकूण धरले तर २८० च्या थोडंसं वर, म्हणजे मॅचला साडेसतरा. आणि त्याच वर्षी त्याची टीम चीफ्स १५-२! टीम जिंकत होती, थोडक्यात जिंकत होती, डिफेन्स सांभाळून घेत होता, मग कशाला फेकाफेकी करतील?

उलट बरो बघ. ४,९१८ यार्ड, ४३ टचडाऊन, दोन्हीत लीगमध्ये पहिला, आणि त्याची टीम बेंगल्स ९-८ करून प्लेऑफच्या बाहेर. डिफेन्स इतका गळका की ३० पॉइंट केले तरी पुरायचे नाहीत, मग चौथ्या क्वार्टरपर्यंत बरो फेकतोय आपला. आपल्याला म्हणजे फँटसीवाल्यांना ही असली टीम सोन्यासारखी. चांगली टीम आणि चांगला फँटसी क्यूबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात बसायला मला स्वतःला तीन सीझन लागले.

लाल_जर्सी

गेल्या वर्षी राशी राइस चौथ्याच आठवड्यात जखमी होऊन बाहेर गेला, हॉलीवूड ब्राउन तर सीझन सुरू व्हायच्या आधीच. रिसीव्हरच नव्हते तर फेकणार कुणाकडे? यंदा बघा.

चौथा_डाऊन

यंदा राइसला पहिल्या सहा मॅचचं सस्पेन्शन आहे दादा, परवाच आलंय. बघतो यंदा.

बेंचवरचा_राजा

तुम्ही दोघं भांडा, पण मूळ प्रश्न राहिला, कितव्या राउंडला घ्यायचा. माझं उत्तर: शक्य तितका उशिरा, आणि मग अजून एक राउंड थांब.

बारा टीम, प्रत्येकाला खेळवायचा एकच क्यूबी. एनएफएलमध्ये स्टार्टर ३२. म्हणजे सगळ्यांचे घेऊन झाले तरी वीस मोकळे फिरतायत. रनिंग बॅकचं (बॉल घेऊन पळणारे) तसं नाही, प्रत्येकाला दोन लागतात, वर फ्लेक्समध्ये, म्हणजे रनिंग बॅक किंवा रिसीव्हर चालतो त्या जागेत, तिसरा, आणि पाचव्या राउंडनंतर जे उरतात त्यांची नावं त्यांच्या घरच्यांनाही आठवत नसतील. मग तिसऱ्या राउंडला क्यूबी घेऊन तू नक्की काय कमावलंस? क्यूबी चांगला आला, मान्य, पण त्या जागी जो रिसीव्हर आला असता तो गेला ना.

गेल्या वर्षीचंच घ्या. मेफिल्डला ड्राफ्टमध्ये कुणी विचारत नव्हतं, शेवटच्या राउंडांत पडून होता, आमच्यात तर एकाने किकरनंतर घेतला. ४,५०० यार्ड, ४१ टचडाऊन! आणि त्याच ड्राफ्टला लोक सी. जे. स्ट्राउडवर तुटून पडले होते, कारण २०२३ ला रुकी (पहिल्याच वर्षाचा) असून ४,१०८ यार्ड आणि फक्त ५ इंटरसेप्शन. दुसऱ्या वर्षी काय, २० टचडाऊन आणि १२ इंटरसेप्शन. रिचर्डसनबद्दल मी बोलणार नाही, जखम ताजी आहे असं दिसतंय. पन्नास टक्केही पास पूर्ण झाले नाहीत त्याचे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

उशिराचा क्यूबी म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाही तर मोडून खाल्ली, वेव्हरवर, म्हणजे सोडून दिलेल्यांत, टाकून दुसरा घेतला, गेलं काय? तिसऱ्या राउंडचा क्यूबी मोडून खाता येत नाही.

आणि एक जुनं दुखणं सांगतो. २०२३ ला मी म्हातारा झालोय आता जोखीम नको म्हणून ॲरन रॉजर्स घेतला, जेट्सकडे नवीन गेलेला. ११ सप्टेंबर, सोमवार रात्र, बिल्सविरुद्ध पहिली मॅच. तो मोठा झेंडा घेऊन पळत मैदानात आला तेव्हा मी पण घरात उभा राहिलो. चहाला पाणी ठेवून आलो तर हा मैदानावर बसलेला. चौथा स्नॅप, चौथीच चाल! टाचेची शीर गेली, सीझन खलास. पाणी उकळलं पण नव्हतं हो. त्या दिवसापासून क्यूबीवर एकाही मोठ्या राउंडचा पिक खर्च केला नाही.

चौथा_डाऊन

दुधाने तोंड पोळलं म्हणून तू ताक फुंकतोयस, दुसरं काय.

उशिरा घ्यायचं तत्त्व मला पटतं पण अर्धंच. गेल्या वर्षी वरच्या आणि मधल्या क्यूबीत फरक किती होता ते बघ. लमार: ४,१७२ यार्ड, ४१ टचडाऊन, फक्त ४ इंटरसेप्शन, वर पळून ९१५ यार्ड आणि ४ टचडाऊन. एकूण ४३८. गॉफ आपण काढला ३१५. म्हणजे मॅचला सात पॉइंटच्या वर फरक, दर आठवड्याला, १७ आठवडे. सात पॉइंट म्हणजे रिसीव्हरमध्ये बघायला गेलास तर पहिल्या राउंडचा आणि बेंचवरचा एवढं अंतर होतं.

पूर्वी तुझं बरोबर होतं. दहाबारा वर्षांपूर्वी बहुतेक सगळे उभे राहून फेकणारे, पेटन मॅनिंगचं २०१३ चं वर्ष सोडलं (५५ टचडाऊन, ते वेगळंच प्रकरण) तर चौथा आणि अकरावा यात फार फरक नसायचा. आता जो पळतो आणि फेकतो पण असे चारपाच जणच आहेत आणि बाकीचे एका बाजूला. त्या चारपाचात मिळाला तर घ्यायचा, नाही मिळाला तर मग तुझी पुंगी.

कमिशनर_काकू

उशिरा आले, वाचून काढलं सगळं. मी अकरा वर्षं लीग चालवतेय, बहिणीची मुलं, त्यांचे मित्र, आता त्यांच्या बायकापण, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा कडक आहेत.

नवीन भिडू, एक ते दहा अशी यादी लावूच नकोस रे बाळा. गट पाड. पहिल्या गटात कोण, दुसऱ्यात कोण, एवढंच. तुझा नंबर येतो तेव्हा घड्याळात नव्वद सेकंद असतात आणि त्या वेळी तिसरा की चौथा हे ठरवत बसलास तर वेळ संपते आणि कॉम्प्युटर त्याच्या मनाने उचलतो. गट असले की सोपं पडतं. माझ्या गटात अजून तिघं उरलेत? मग थांबते, दुसरं काहीतरी घेते. एकच उरलाय? मग आत्ताच. क्यूबीच नाही, सगळ्याच पोझिशनला मी हेच करते.

माझा पहिला गट चौघांचा. ॲलन, लमार, डॅनियल्स, हर्ट्स. बरो त्यांच्या अगदी उंबऱ्यावर, आत घेऊ की नको असं रोज वाटतं. ॲलनला तू सहावा ठेवलास ते मला सगळ्यात खटकलं. २८ टचडाऊन फेकले म्हणून खाली ठेवलास ना? अरे पण १२ स्वतः घुसून केले, त्याच्या आदल्या वर्षी १५. २०१८ ला आल्यापासून एकाही वर्षी सहाच्या खाली गेला नाही. गेल्या डिसेंबरला रॅम्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये तीन फेकले आणि तीन पळून, ३४२ यार्ड, वर ८२ पळून. ५१.८८ पॉइंट! त्याची टीम बिल्स हरली ती मॅच ४४-४२, पण माझा भाचा त्या रात्री झोपला नाही आनंदाने, कारण समोरच्याची टीम रविवारी दुपारीच त्याच्या तीस पॉइंट पुढे होती.

आणि ॲलनचे गेल्या वर्षीचे आकडे तुला सतरा मॅचचे दिसतील पण खेळला सोळाच. शेवटच्या आठवड्यात पॅट्रियट्सविरुद्ध तो सलग स्टार्टची मालिका तुटू नये म्हणून एक स्नॅप खेळला आणि जाऊन बसला. आता ऐक का सांगतेय. आमच्या ओळखीत एका लीगने फायनल अठराव्या आठवड्यात ठेवली होती. मी परोपरीने सांगितलं होतं तिथल्या कमिशनरला की बाबा सतराव्याला संपव, शेवटच्या आठवड्यात मोठ्या टीम आपली माणसं बसवतात. ऐकलं नाही. फायनलला ज्याच्याकडे ॲलन होता त्याला त्या एका स्नॅपचे शून्य पॉइंट मिळाले आणि अजूनही ते दोघं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. तुमच्या लीगची फायनल कुठल्या आठवड्यात आहे ते आधी बघ. सेटिंगचं पान पूर्ण वाच, "असणार ना" वर जाऊ नकोस.

बेंचवरचा_राजा

काकूंनी शून्य पॉइंटची गोष्ट सांगून माझ्याच बाजूने पुरावा दिला असं मी समजतो 😄

काकू, हर्ट्सला पहिल्या गटात ठेवलंत, पण ते ढकलाढकलीचं काय? टश पुशवर बंदी येणार होती ना?

कमिशनर_काकू

आली नाही. मे महिन्यात मतदान झालं, २२ विरुद्ध १०, बंदीला २४ मतं लागत होती. दोन मतांनी वाचलं. म्हणजे यंदा तरी एक यार्डावर बॉल आला की तो हर्ट्सच घेऊन घुसणार आणि मागून सगळे ढकलणार. १३, १५, १४ असे तीन वर्षांचे त्याचे पळण्याचे टचडाऊन आहेत, आणि सेक्वॉन बार्कलीसारखा रनिंग बॅक गेल्या वर्षी टीममध्ये असून १४. बंदी आली असती तर मीच त्याला खालच्या गटात टाकला असता.

चौथा_डाऊन

काकूंशी सहमत, फक्त लमारबद्दल थोडी सावधगिरी. ४१ टचडाऊन आणि ४ इंटरसेप्शन हे त्याचं आजवरचं सगळ्यात भारी फेकणं आहे, त्याआधीचं सर्वात मोठं वर्ष २०१९ चं, ३६. ते परत तसंच येईल असं धरून चालायचं नाही. आणि गोल लाइनजवळ आता रनिंग बॅक डेरिक हेन्री आहे, १,९२१ यार्ड, १६ टचडाऊन, तिथे लमारला पळायची गरजच पडत नाही. तरी पहिल्या दोघांत तो असणारच, फक्त ४३८ ची अपेक्षा ठेवून घेऊ नकोस. मी ॲलनला एक नंबर ठेवीन.

डॅनियल्सबद्दल लोक स्ट्राउडचं उदाहरण देतील, दुसऱ्या वर्षी घसरतात वगैरे. मला तसं वाटत नाही, कारण स्ट्राउड पळत नव्हता. डॅनियल्सने ८९१ यार्ड पळून काढले, रुकी क्यूबीमध्ये आजवर कुणी एवढे काढले नव्हते. एखाद्या दिवशी फेकणं बिघडलं तरी पायावर आठ-दहा पॉइंट येऊन पडतात. पळणाऱ्याचं हेच असतं, वाईट दिवस पण फार वाईट जात नाही. फक्त अंगाने काटकुळा आहे, एवढी धडक रोज सोसेल का ही भीती मलाही आहेच.

गॉफ मात्र मी खाली आणीन. त्याचा सगळा खेळ रचणारा बेन जॉन्सन शिकागोला हेड कोच होऊन गेला आणि समोरच्यांना अडवणारा सेंटर फ्रँक रॅग्नो रिटायर झाला. गॉफ स्वतः पळत नाही, त्यामुळे समोरून दडपण आलं की त्याच्याकडे दुसरा इलाजच नसतो.

नवीन_भिडू

अहो, गडबड झाली.

काकूंनी सांगितलं म्हणून आत्ता लंच ब्रेकमध्ये सेटिंगचं पान उघडून शेवटपर्यंत वाचलं. फायनल सतराव्या आठवड्यातच आहे, ते बरंय. इंटरसेप्शन वजा २, बरोबर. पण पासिंग टचडाऊनला चार नाहीत, सहा आहेत! गेल्या वर्षीपण सहाच होते म्हणे, मला पत्ताच नव्हता. शेजारच्या टेबलवरच्याला विचारलं तर तो म्हणाला "मग तुला काय वाटलं होतं" आणि असा काही हसला की मला वाटतं माझा अकरावा नंबर रिचर्डसनमुळे नव्हताच.

आता काय? सगळं परत?

चौथा_डाऊन

हेच पहिल्या पोस्टला विचारलं होतं मी 🤦

परत तर परत. सोपं आहे, प्रत्येकाच्या पासिंग टचडाऊनला दोन-दोन पॉइंट वाढव. लमार ४३८ + ८२ = ५२०. बरो ३८३ + ८६ = ४६९. मेफिल्ड (त्याने पळूनही ३७८ यार्ड केलेत, कुणाला आठवत नाही) ३६८ + ८२ = ४५०. ॲलन, तो एक पकडलेला टचडाऊन धरून, ३८१ + ५६ = ४३७. डॅनियल्स ३५० + ५० = ४००. गॉफ ३१५ + ७४ = ३८९. हर्ट्स ३२५ + ३६ = ३६१.

तर हर्ट्स गॉफच्या खाली गेला, एकूण बेरजेत. मॅचच्या हिशेबाने अजूनही वरच आहे, १५ ने भागलं तर २४, आणि गॉफ १७ ने भागून २३ च्या आत. पण फरक आता एवढाच, आणि हर्ट्ससाठी लोक तिसरा-चौथा राउंड घालवतील, गॉफ सातव्या-आठव्यालाही पडलेला असेल.

म्हणजे तुझी ती पहिली यादी, जिच्यावर मी इतका तुटून पडलो, ती तुझ्या लीगसाठी वाटली तेवढी वेडगळ नव्हती. अपघाताने का होईना. डार्नोल्ड सातवा मात्र तरीही नाही, त्याच्यासमोर मिनेसोटात जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर होता, आता तो सिएटलला गेलाय.

लाल_जर्सी

सहा पॉइंट झाले की महोम्सपण वर येतो, सांगून ठेवतो.

चौथा_डाऊन

सगळेच वर येतात दादा, लिफ्ट आहे ती. २६ टचडाऊनवाला ४१ वाल्यापेक्षा कमीच वर येतो.

कमिशनर_काकू

सहा पॉइंट असतील तर बरोला मी उंबऱ्यावरून आत घेते. त्याचे रिसीव्हर चेस आणि हिगिन्स दोघांचीही नवीन कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्येच झाली, जामार चेसने गेल्या वर्षी १२७ कॅच, १,७०८ यार्ड, १७ टचडाऊन केले, तिन्हीत लीगमध्ये पहिला, आणि बेंगल्सचा डिफेन्स काही रातोरात सुधारत नाही.

भिडू, तुझा नंबर नववा ना? दर राउंडला क्रम उलटतो, मग तुझे पिक ९, १६, ३३, ४०, ५७, ६४, ८१, ८८ असे येतात. कागदावर लिहून ठेव. पहिल्या दोन्हीला क्यूबीचं नाव काढू नकोस, रनिंग बॅक आणि रिसीव्हर घे. ॲलन आणि लमार ३३ पर्यंत उरणार नाहीत, उरलाच एखादा तर डोळे मिटून घे. नाहीतर ४० ला बरो बघ. तोही गेला तर घाई नको, ६४ ला मेफिल्ड किंवा ८८ ला गॉफ, मध्ये भरपूर माल भर. मेफिल्डचा खेळ आखणारा कोऑर्डिनेटर लियम कोएन जॅक्सनव्हिलला गेला हे लक्षात ठेव, म्हणून मी त्याला बरोच्या जवळ नेत नाही, पण ६४ ला तो मला चालेल.

बाय वीकची (टीमचा सुट्टीचा आठवडा) फार काळजी करू नकोस, फक्त बॅकअप घेताना बघ. बिल्स आणि लमारचे रेव्हन्स दोघांचाही सातव्या आठवड्यात, बेंगल्स आणि चीफ्सचा दहाव्यात. एका वर्षी माझ्या दोन्ही क्यूबींचा बाय एकाच आठवड्यात होता आणि मी, कमिशनर, क्यूबीच्या जागी रिकामा चौकोन घेऊन बसले होते. तो फोटो अजून ग्रुपवर फिरतो.

बेंचवरचा_राजा

उशिरा घ्यायचाच तर दोन नावं माझ्याकडून. न्यू इंग्लंडचा ड्रेक मे, रुकी असून ४२१ यार्ड पळाला. आणि जेट्सकडे गेलेला जस्टिन फील्ड्स, २०२२ ला शिकागोकडून १,१४३ यार्ड पळाला होता हा माणूस. फेकण्याबद्दल विचारू नका. अर्थात सहा पॉइंटच्या लीगमध्ये फील्ड्सची मजा कमी होते, तुझ्यासाठी मेच बरा.

आणि रॅम्सचा क्यूबी स्टॅफर्डपासून जरा लांब, पाठ धरली म्हणून अख्खा कॅम्प जवळपास बाहेर होता. माझ्यासारख्याने पाठदुखीवाल्यावर पैसे लावायचे नसतात, मला माहितीये पाठ काय असते.

नवीन_भिडू

ड्राफ्ट झाला!! रात्रीचे साडेअकरा वाजलेत पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काकू, तुमचा कागद समोर ठेवला होता. ॲलन २१ ला गेला, लमार २४ ला, डॅनियल्स ३१. ३३ ला हर्ट्स होता, हात शिवशिवत होता खरंच, पण सहा पॉइंट आठवले आणि रिसीव्हर घेतला. ३५ ला गेला तो. मग ४० ची वाट बघत बसलो, बरो बोर्डवर दिसतोय, ३६ झाला, ३७ झाला, मी आधीच क्यूमध्ये टाकून बोट बटणावर, आणि ३८ ला शेजारच्या टेबलवाल्याने उचलला. तोच हसणारा. म्हणे तू दुपारी स्कोअरिंगचं विचारलंस तेव्हा मीपण परत हिशेब केला.

म्हणजे मीच त्याला जागं केलं.

मग ठरल्याप्रमाणे गप्प राहिलो, ४० आणि ५७ ला रनिंग बॅक, आणि ६४ ला मेफिल्ड मिळाला. शेवटच्या राउंडला ड्रेक मे पण घेतलाय राजाभाऊंच्या नावाने.

बेंचवरचा_राजा

पुंगी आणि मोडून खायला दुसरी पुंगी. झकास.

चौथा_डाऊन

६४ ला मेफिल्ड चांगलाच सौदा आहे या स्कोअरिंगला. १६ इंटरसेप्शन टाकले होते त्याने गेल्या वर्षी, तेवढे रविवारी डोकं शांत ठेवून बघायची तयारी ठेव. पहिली मॅच अटलांटाशी आहे. बाय नवव्या आठवड्यात, मे चा चौदाव्यात, म्हणजे तिथे अडचण नाही.

कमिशनर_काकू

शाब्बास. आणि पुढच्या वर्षी ऑफिसमध्ये स्कोअरिंगचे प्रश्न ड्राफ्ट झाल्यावर विचारायचे.

लाल_जर्सी

महोम्स कितीला गेला?

नवीन_भिडू

७० ला. घेणारा पण लाल जर्सी घालूनच बसला होता.